अमेरिकन चित्रं आणि चित्रकार समजून घ्यायला फुकटात बघता येतील असे चांगले व्हिडिओ

रंगखुणा
नमस्कार मंडळी. आपल्याकडे चित्रकलेची आवड असलेल्या माणसाला युरोपातली नावं बऱ्यापैकी माहीत असतात, पिकासो, व्हॅन गॉग, मोने वगैरे, पण अमेरिकेचं नाव काढलं की गाडी पोलॉक आणि वॉरहॉलपाशी येऊन थांबते, आणि तीही बहुतेक वेळा "हे काय, कोणीही करेल" या वाक्यावर. मला ते फार खटकतं. समजून घ्यायला आता एक पैसा लागत नाही, म्युझियमवाल्यांनीच इतकं काही फुकट टाकून ठेवलंय. अडचण आहे ती निवडीची. यूट्यूबवर नुसतं अमेरिकन आर्ट टाकलं की "सगळ्यात महागडी दहा चित्रं" छापाचे व्हिडिओ वर येतात, त्यात चित्र जेमतेम दिसतं आणि किंमतच जास्त वेळ दिसते. ते बघून कुणाची नजर तयार होणार नाही. म्हणून हा धागा. मी बघितलेलं सांगते, तुम्हीही भर घाला.

पहिलं नाव स्मार्टहिस्ट्री. बेथ हॅरिस आणि स्टीव्हन झकर या दोन कलाइतिहासकारांनी २००५ साली सुरू केलेला उपक्रम. पद्धत साधी आहे, चित्रासमोर उभं राहायचं आणि दोघांनी गप्पा मारायच्या. पडद्यावर ते दिसत नाहीत, चित्र दिसतं, ते ज्या कोपऱ्याबद्दल बोलतायत तिथे कॅमेरा जातो. लिहून आणलेलं भाषण नसल्यामुळे आपण मागे उभं राहून ऐकतोय असं वाटतं. बरेचसे व्हिडिओ पाच ते दहा मिनिटांचे. त्यांची 'सीइंग अमेरिका' म्हणून अमेरिकन कलेवर वेगळी मालिका आहे, तिथून सुरुवात करा.

एक चित्र सांगते. थॉमस कोलचं 'द ऑक्सबो', १८३६ सालचं, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. डोंगरावरून खाली कनेटिकट नदीचं मोठं वळण दिसतंय, डावीकडे वादळ, मोडलेलं झाड, रान, उजवीकडे ऊन पडलेली नीटनेटकी शेतं. "छान निसर्गचित्र" म्हणून आपण सहज पुढे जाऊ. पण खाली मधोमध झाडीत बघा, हॅट घातलेला इवलासा माणूस ईझलसमोर बसलाय आणि मान वळवून थेट आपल्याकडे बघतोय. तो स्वतः कोल. आणि लांबच्या टेकडीवर झाडं तोडून उघड्या पडलेल्या जागा आहेत, त्यांच्या आकारात काही अभ्यासकांना हिब्रू अक्षरं दिसतात. अमेरिकेत तेव्हा जंगल तोडून शेती आणि गावं वसवणं जोरात चालू होतं, कोलला त्याची काळजी होती. एवढं कळल्यावर ते चित्र पुन्हा बघा, डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी भांडताना दिसायला लागतात.

माझा एकच आग्रह आहे. व्हिडिओ लावायच्या आधी म्युझियमच्या साइटवर चित्र मोठं करून थोडा वेळ गप बघा. काय दिसतंय, नजर आधी कुठे जातेय, कुठे अडकतेय. मग व्हिडिओ लावा. आधी ऐकलं की आपण फक्त ऐकलेलंच बघतो.

चित्रवही
वाचनखूण साठवली. मस्त धागा रंगखुणाताई. स्मार्टहिस्ट्रीला अनुमोदन, आणि त्यांच्या साइटवर व्हिडिओच्या जोडीला लेखही असतात, तेही फुकट.

माझ्याकडून 'ग्रेट आर्ट एक्सप्लेन्ड' नावाचं चॅनल. जेम्स पेन म्हणून ब्रिटिश माणूस आहे, एका चित्रावर साधारण पंधरा मिनिटं. त्यातला एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स'वरचा भाग नक्की बघा. चित्र १९४२ चं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. रात्रीचं हॉटेल, काउंटरवर तीन गिऱ्हाईकं आणि आत एक पांढऱ्या कपड्यातला वेटर, बाहेर रस्ता रिकामा. हे पोस्टर बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पण रस्त्यावरून आत जायला दारच दाखवलेलं नाही हे किती जणांच्या लक्षात आलंय? एक पिवळट दार दिसतं ते आतल्या बाजूला, किचनकडे. आणि तो उजेड बघा, ट्यूबलाइट त्या काळात नुकत्याच आलेल्या, तसा थंड हिरवट उजेड याआधी चित्रात फारसा नव्हताच. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतरच्या आठवड्यांत हे चित्र झालंय, न्यूयॉर्कमध्ये ब्लॅकआउटची तयारी चालू होती आणि हा माणूस रात्रीचं भगभगीत उजळलेलं दुकान रंगवत होता.

शिवाय त्याची बायको जो, जोसेफीन निव्हिसन हॉपर, स्वतः चित्रकार. लाल केसांच्या बाईसाठी मॉडेल तीच. हॉपरच्या चित्रांच्या नोंदवह्या ती ठेवायची, कुठलं चित्र कधी झालं, कितीला गेलं, त्यात काय काय आहे. हॉपरबद्दल आज जे एवढं नेमकं सांगता येतं ते बरंचसं तिच्यामुळे. तिच्या स्वतःच्या चित्रांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. व्हिटनी म्युझियमने हॉपरवर बरेच व्हिडिओ टाकलेत, दोघांच्या वारशातला मोठा साठा त्यांच्याकडेच आहे, त्यात तिचा उल्लेख येतो तो भाग सोडू नका.

कोरा_कागद
छान माहिती. पण ताई तुम्ही म्हणताय ते "कोणीही करेल" वालं वाक्य माझंपण आहे, आणि मी मनापासून विचारतोय, वाद घालायला नाही. हॉपर कळतो, कोल कळला, पण पोलॉकचा कॅनव्हास बघितला की मला खरंच काही होत नाही. रंग सांडलाय असंच वाटतं. व्हिडिओ बघून यात काय बदलणार?

जुना_जेजेकर
कोरा_कागद, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर लिहितो. पोलॉकबद्दल बोलणारे व्हिडिओ आधी बघू नका. पोलॉकसारखं करून दाखवणारे बघा. न्यूयॉर्कच्या मोमाची, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची, 'इन द स्टुडिओ' म्हणून मालिका आहे यूट्यूबवर. कोरी डी'ऑगस्टीन हा माणूस चित्रांचं जतन करणारा, म्हणजे रंग कशाचा आहे, कुठल्या थरावर कुठला थर बसलाय हे ओळखणं त्याचं रोजचं काम. तो कॅनव्हास जमिनीवर अंथरतो आणि पोलॉकच्या पद्धतीने रंग टाकून दाखवतो. रंग किती पातळ केला तर धार लांब पडते, घट्ट ठेवला तर काय होतं, काठी किती उंचीवर धरली, हात खांद्यातून फिरवला की मनगटातून. धार कुठे जाड कुठे केसासारखी ते हाताच्या वेगावर ठरतं. ते बघितल्यावर सांडणं आणि टाकणं यातला फरक डोळ्यांना कळतो, कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. याच मालिकेत रॉथ्को, डी कूनिंग, अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्यावरही भाग आहेत. अ‍ॅग्नेस मार्टिनचा मुद्दाम बघा, पेन्सिलीची रेघ कॅनव्हासच्या विणीवरून जाताना कशी थरथरते आणि तिला ती थरथर का हवी होती ते कळतं.

दुसरी गोष्ट. पोलॉकचं 'म्युरल' नावाचं १९४३ चं चित्र आहे, कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमच्या घरासाठी केलेलं, जवळजवळ आठ फूट बाय वीस फूट, आयोवा विद्यापीठाच्या मालकीचं. त्याची कित्येक वर्षं दंतकथा अशी की पोलॉकने ते एका रात्रीत केलं. २०१२ ते २०१४ या काळात लॉस एंजेलिसच्या गेटी या कलासंस्थेत ते चित्र दुरुस्तीला होतं, तेव्हा तिथल्या लोकांनी थर तपासले. ओल्यावर ओला असा पहिला हात एका बैठकीत झालेला असू शकतो, पण नंतरचे कित्येक थर खालचा रंग वाळल्यावर दिलेत, आणि तैलरंग एका रात्रीत वाळत नाही. म्हणजे माणूस परत परत येऊन, थांबून, बघून काम करत होता. गेटीने यावर व्हिडिओ केलेत, क्लोजअप इतके स्वच्छ आहेत की रंगाची साय धरलेली दिसते. आम्ही शिकत होतो तेव्हा हे सगळं काळ्यापांढऱ्या पुस्तकातल्या टिकलीएवढ्या फोटोवरून शिकायला लागलं. आजच्या पोरांनी हे बघितलंच पाहिजे.

आणि फोटोग्राफर हान्स नामुथने पोलॉक काम करत असताना शूट केलेली छोटी फिल्म आहे, १९५० च्या शरद ऋतूतली. त्यात एका ठिकाणी पोलॉक काचेवर रंग टाकतो आणि कॅमेरा काचेखालून. त्याचे तुकडे अनेक व्हिडिओंमध्ये वापरलेले सापडतील.

कोरा_कागद
बघितले. कोरीचा पोलॉकवाला दोनदा बघितला. आवडलं असं अजून म्हणणार नाही, पण आता त्या चित्रात बघण्यासारखं काय आहे ते दिसतंय, आधी नुसता गोंधळ दिसायचा. म्युरलमध्ये तर उभे काळे आकार चालत चाललेत असं वाटलं. धन्यवाद काका. अजून द्या.

निळीशाई
एक शंका. माझी मुलगी आठवीत आहे, एलिमेंटरीची परीक्षा देणार आहे यंदा. ती बॉब रॉस बघत बसते तासन् तास. हे चालेल ना? का त्यापेक्षा दुसरं काही दाखवू?

जुना_जेजेकर
निळीशाई, बघू दे. बॉब रॉसचे 'जॉय ऑफ पेंटिंग'चे सगळे ४०३ भाग त्याच्या अधिकृत चॅनलवर फुकट आहेत, १९८३ ते १९९४ मध्ये अमेरिकन सार्वजनिक टीव्हीवर लागायचे. हा माणूस वीस वर्षं हवाई दलात होता, बराच काळ अलास्कात, ते बर्फाचे डोंगर आणि सूचिपर्णी झाडं तिथली. प्रत्येक भागासाठी तो एकच चित्र तीनदा करायचा, एक शूटिंगच्या आधी समोर ठेवून बघायला, एक कॅमेऱ्यासमोर, आणि एक नंतर पुस्तकासाठी सावकाश. म्हणजे पडद्यावर जे सहज वाटतं त्याला तयारी होती, हे पोरीला जरूर सांगा. २०१९ मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाने त्याची काही चित्रं घेतली.

फक्त एक लक्षात ठेवा, त्याचं तंत्र ओल्या तैलरंगावर ओला तैलरंग असं आहे. आपल्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र वगैरे असतं आणि मुलं जलरंग नाहीतर पोस्टर कलर वापरतात, तिथे पांढऱ्यात रंग ओढून डोंगर काढायला गेली तर चिखल होईल. परीक्षेसाठी तिच्या ड्रॉइंगच्या सरांचं ऐकू दे. बॉब रॉसकडून तिने कामाला बसायचा आनंद घ्यावा, तो खूप मोठा आहे.

अटलांटाकर
इथे अजून कुणी क्विल्ट्सचं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या पांघरुणांचं, नाव घेतलं नाही म्हणून लिहितेय. अमेरिकन आर्ट म्हणजे फक्त कॅनव्हासवरचं आणि न्यूयॉर्कमधलं असं नाही हो. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं छोटं खेडं आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या क्विल्ट शिवत आल्यात. पूर्वज गुलाम, नंतर कुळं म्हणून राबले, गावात बऱ्याच लोकांचं आडनाव पेटवे, ते आडनावसुद्धा मळ्याच्या मालकाचं. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीत त्यांचं प्रदर्शन लागलं आणि सगळे थक्क झाले. भिंतीवर टांगल्यावर ती मॉडर्न पेंटिंग दिसतात, पण त्या बायकांनी कुठलं मॉडर्न पेंटिंग बघितलं नव्हतं, थंडीत पोरं झोपवायला शिवलेली होती ती.

त्यात मिझुरी पेटवे हिची १९४२ ची एक क्विल्ट आहे, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे आहे. नवरा वारला तेव्हा त्याचे कामाचे कपडे, शेतात घालायच्या पँटी आणि शर्ट उसवून तिने ती शिवली, बरोबर मुलगी आर्लोंझिया होती. विटलेला निळा, करडा, पांढरट, आणि ज्या जागी खिसा होता तिथे कापडाचा मूळ गडद रंग शिल्लक. व्हिडिओत बघताना ते गडद ठिगळ दिसलं की थांबवून बघा.

आणि या गावाची बोट १९६२ मध्ये बंद केली गेली, नदीपलीकडे मतदार नोंदणीला जाणाऱ्या लोकांना अडवायला. ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. हे माहीत असलं की त्या क्विल्ट नुसत्या सुंदर राहत नाहीत. 'सोल्स ग्रोन डीप' ही अटलांटातली संस्था हा सगळा वारसा सांभाळते, त्यांच्याकडे आणि म्युझियमच्या चॅनल्सवर या बायका स्वतः बोलतायत, शिवतायत, गातायत असे व्हिडिओ आहेत. मी प्रत्यक्ष बघितल्यात अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये, समोर उभं राहिलं की शिवणीची ओढ दिसते, रेघ सरळ जातच नाही.

गोदाकाठ
अटलांटाकर ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच शोधून बघितलं. अहो ही तर आपली गोधडी! जुनी लुगडी, धोतरं, सदरे, आणि वरून धावदोरा. माझ्या आजीची गोधडी अशीच होती, मधला चौकोन आजोबांच्या कोटाचा. पण जीज बेंडच्या बायका मोठमोठे तुकडे ज्या धीटपणे जोडतात तो वेगळाच प्रकार आहे, एक लाल पट्टी कुठेतरी भलत्याच ठिकाणी येते आणि सगळी क्विल्ट तिच्याभोवती उभी राहते. हाउसटॉप म्हणतात ना त्या चौकटीत चौकट वाल्या रचनेला? ते बघत मी अर्धी रात्र काढली. असे अजून असतील तर सांगा, बायकांनी हाताने केलेलं.

अटलांटाकर
गोदाकाठ, मग फेथ रिंगगोल्ड बघाच. हार्लेममध्ये जन्म १९३० चा, २०२४ मध्ये गेल्या. त्या क्विल्टवर गोष्ट रंगवायच्या आणि लिहायच्या, मधे चित्र, कडेला कापडाचे तुकडे, वर मजकूर. 'टार बीच' ही १९८८ ची, गुगेनहाइम म्युझियमकडे आहे, उन्हाळ्यात गच्चीवर जमलेलं कुटुंब आणि एक मुलगी पुलावरून उडतेय. त्यांच्या मुलाखती भरपूर आहेत, बोलणं इतकं स्वच्छ की इंग्रजी कच्चं असलं तरी समजतं.

आणि रूथ असावा. तारेच्या जाळीची लोंबती शिल्पं करणारी. जपानी वंशाची म्हणून दुसऱ्या महायुद्धात शाळकरी वयात कुटुंबासकट छावणीत डांबलेली, तिथेच डिस्नीत काम केलेल्या चित्रकारांकडून ड्रॉइंग शिकली. पुढे १९४७ मध्ये मेक्सिकोत टोलुका गावी टोपल्या विणणाऱ्यांकडून तारेचा टाका शिकली. तिचे हात चालताना बघा फक्त.

मातीकाम
धागा फार चांगला चाललाय. माझी भर वेगळ्या टोकाची. अमेरिकन कला १७७६ पासून सुरू होत नाही, तिथल्या मूळच्या लोकांची कला त्याच्या कितीतरी आधीची. मारिया मार्टिनेझ या कुंभार बाईवर जुन्या फिल्म्स आहेत, यूट्यूबवर सापडतात. न्यू मेक्सिकोतलं सॅन इल्डेफोन्सो प्वेब्लो, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांची वस्ती, हे तिचं गाव. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक ठेवून भांडं उभं करायचं, खरवडून पातळ करायचं, वर तांबड्या मातीचा लेप, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत राहायचं. घोटणं मधेच थांबवून चालत नाही, लेप वाळला की संपलं. त्यावर नवरा हुलियन नक्षी काढायचा. मग उघड्यावरची भट्टी, आणि ऐन वेळी तिच्यावर घोड्याची वाळलेली बारीक लीद टाकून आग दडपायची. हवा तुटते, धूर कोंडतो आणि तांबडं भांडं काळं होऊन निघतं, घोटलेला भाग आरशासारखा आणि नक्षी मंद काळी. मी स्वतः माती करतो म्हणून सांगतो, ती बाई राख बाजूला करून पहिलं भांडं काढते तो भाग बघताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलेलो. ज्यांना कलाकाराचं नाव आणि सन पाठ करायचा कंटाळा आहे त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

सातारी
वाचतोय. सगळं उत्तम. माझा विषय थोडा वेगळा, जेकब लॉरेन्स. 'मायग्रेशन सिरीज', १९४० - ४१, छोटी छोटी ६० चित्रं, प्रत्येक १२ बाय १८ इंच. लाखो कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेकडच्या शहरांत कारखान्यांत गेली, त्या स्थलांतराची गोष्ट. पोरगं तेव्हा तेवीस वर्षांचं होतं. आधी मजकूर लिहिला, मग चित्रं. साठही पाट्या पसरून ठेवल्या आणि एक रंग घेतला की तो साठही चित्रांत जिथे लागेल तिथे लावला, मग पुढचा रंग, गडदाकडून फिक्याकडे. म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा आणि शेवटच्यातला पिवळा एकच. आता सम आकड्यांची चित्रं मोमाकडे आणि विषम आकड्यांची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे. दोघांनी मिळून ऑनलाइन सगळी साठ दाखवलीत, सोबत व्हिडिओ आहेत. रेल्वे स्टेशनवरची गर्दी परत परत येते त्यात. आमच्या भागातनं मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसं प्रत्येक घरात आहेत, त्यामुळं मला ती गर्दी बघायला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

आणि याच अंगाने एमरी डग्लस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचा हा चित्रकार, पक्षाच्या वर्तमानपत्राची चित्रं तो करायचा, पद होतं सांस्कृतिक मंत्री. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पक्षाचं नाव समोर ठेवून, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. पण त्या मूळ पँथरचं दृश्य रूप काय होतं ते आपल्यातल्या फार कमी लोकांनी बघितलंय. जाड काळी रेघ, एकच भडक रंग, कारण छपाई स्वस्तात करायची होती, आणि चित्रातली माणसं रोजची, पोरं कडेवर घेतलेल्या आया. डग्लसच्या मुलाखतींचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत. जरूर बघा.

रंगखुणा
सातारी, मातीकाम, अटलांटाकर, काय सुंदर भर घातलीत! धागा काढल्याचं सार्थक झालं. लॉरेन्सची रंग लावायची पद्धत मला माहीत होती पण गिरणीच्या अंगाने मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

आजच्या कलाकारांसाठी आर्ट ट्वेंटीवन सांगायचं राहिलंय. २००१ पासून अमेरिकन सार्वजनिक टीव्हीवर चालू असलेली मालिका, त्यांच्या स्वतःच्या साइटवर भाग फुकट बघता येतात, यूट्यूबवर छोटे तुकडे आहेत. निवेदक येऊन समीक्षा सांगत नाही, कलाकार स्वतः स्टुडिओत काम करता करता बोलतो. पहिल्याच सीझनमध्ये माया लिन आहे, जिने कॉलेजात असताना वयाच्या एकविसाव्या वर्षी व्हिएतनाम युद्धातल्या मृतांच्या स्मारकाची स्पर्धा जिंकली, १४२१ प्रवेशिका होत्या. शाझिया सिकंदर पण आहे, लाहोरला लघुचित्रशैली शिकून अमेरिकेत गेलेली, तिचं काम आपल्या डोळ्यांना लगेच ओळखीचं वाटेल. आणि कॅरा वॉकरवरचा बघा, २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या बंद साखर कारखान्यात तिने साखरेने मढवलेली प्रचंड स्फिंक्स उभी केली होती, भोवती काकवीच्या रंगाची पोरं, त्यातली काही उन्हाळ्यात वितळत गेली. साखरेसाठी कोण राबलं त्याबद्दलचं काम ते.

चित्रवही
एक प्रॅक्टिकल सूचना. पीबीएसच्या, म्हणजे त्या अमेरिकन सार्वजनिक टीव्हीच्या, स्वतःच्या साइटवरचे बरेच पूर्ण कार्यक्रम भारतातून लागत नाहीत, "तुमच्या भागात उपलब्ध नाही" येतं. त्यावर वेळ घालवू नका, म्युझियमची स्वतःची चॅनल्स आणि स्मार्टहिस्ट्री, आर्ट ट्वेंटीवन हे सगळं इथून व्यवस्थित चालतं. लिलाव कंपन्यांचे व्हिडिओ पण देखणे असतात आणि चित्र छान दाखवतात, पण त्यांना ते चित्र विकायचं असतं हे डोक्यात ठेवून ऐका.

कोरा_कागद
आपल्याकडच्या लोकांचा याच्याशी काही संबंध आला होता का? म्हणजे गायतोंडे वगैरे?

जुना_जेजेकर
आला होता, आणि चांगलाच. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा १९२४ चा, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. तय्यब मेहता १९६८ मध्ये असेच फेलोशिपवर गेले, तिथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची चित्रं बघून हादरले आणि परत आल्यावर त्यांच्या कॅनव्हासला ती तिरपी चीर पडली, जी आपण सगळे ओळखतो. आपले चित्रकार सोझा, मूळ गोव्याच्या साळगावचे, १९६७ पासून न्यूयॉर्कलाच राहिले. आणि त्याच वर्षी मोमाचं 'टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग' हे प्रदर्शन दिल्लीत आलं होतं, पोलॉक, रॉथ्को, न्यूमन, वॉरहॉल सगळे अस्सल. समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग स्वतः आला होता. त्या पिढीत त्यावर कडाक्याचे वाद झाले.

पण गायतोंडे म्हणजे आपला रॉथ्को असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. मोमाच्या मालिकेतला रॉथ्कोचा भाग बघा, पातळ रंगाचे थर ब्रशने कॅनव्हासमध्ये मुरवलेले. गायतोंडे रोलर आणि नाइफ वापरायचे, रंग चढवायचा आणि काढायचाही. दोघांचा उजेड वेगळ्या जागेवरून येतो. तंत्र डोळ्यांनी बघितलं की अशी सोपी लेबलं लावावीशी वाटत नाहीत. २०१४ - १५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, गुगेनहाइमच्या साइटवर त्याची माहिती आणि चित्रं आहेत, रॉथ्को बघून झाला की लगेच ती बघा.

निळीशाई
सगळं वाचून काढलं. आमच्याकडे इंग्रजीचा प्रॉब्लेम आहे थोडा. मुलगी सेमी इंग्रजीला आहे पण एवढं भरभर बोललेलं तिला कळत नाही, मलाही नाही. काही उपाय?

चित्रवही
आहे ना. यूट्यूबवर सेटिंग्जमध्ये सबटायटल्स चालू करायची, मग ऑटो-ट्रान्सलेटमध्ये जाऊन मराठी निवडायची. भाषांतर ओबडधोबड असतं, चित्रकारांची नावं तर हमखास मोडून येतात, पण आशय लागतो. स्पीड ०.७५ वर ठेवा. आणि व्हिडिओच्या खाली ट्रान्सक्रिप्ट दाखवा म्हणून पर्याय असतो, ते उघडलं की सगळं बोलणं लिखित मिळतं, अडलेला शब्द तिथून शोधता येतो. मोमाच्या 'इन द स्टुडिओ'ला तर भाषा फारशी लागतच नाही, हात बघायचे. निळीशाई, तुमच्या मुलीला तिथूनच सुरुवात करून द्या.

मातीकाम
त्यात एक जोड. मोबाइलवर डेटा वाचवायला आपण व्हिडिओची क्वालिटी कमी ठेवतो, चित्रांच्या बाबतीत तसं करू नका, सगळा पोत जातो. वायफाय असेल तेव्हा १०८० वर बघा, जमलं तर टीव्हीला जोडून. डेटा कमी असेल तर व्हिडिओ लावण्यापेक्षा म्युझियमच्या साइटवरून चित्राचा मोठा फोटो उतरवून घ्या, मेट, नॅशनल गॅलरी आणि स्मिथसोनियन तिघंही कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे मोठे फोटो फुकट देतात, मग स्मार्टहिस्ट्रीचं नुसतं ऐकत तो फोटो झूम करून बघता येतो.

रंगखुणा
मातीकाम, ही युक्ती उत्तम आहे, ऑक्सबोसाठी तर खासच, तो छोटा कोल मोबाइलच्या व्हिडिओत सापडत नाही पण मेटच्या मोठ्या फोटोत त्याची हॅटसुद्धा दिसते. निळीशाई, मुलीने काय बघितलं आणि तिला काय दिसलं ते इथे लिहा हं. फोटोग्राफीवर मात्र मी मुद्दाम काही लिहिलं नाही, गॉर्डन पार्क्स आणि डोरोथिया लँग यांच्यासाठी वेगळा धागा लागेल, तो पुढच्या आठवड्यात काढते. तोवर कोणाकडे पार्क्सवरचे चांगले व्हिडिओ असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा.